वाळत घातलेली गोधडी

"आभाळ आलंय, अलका. आज गोधडी नको भिजवू," नाना ओसरीवरून म्हणाले.

मी तोवर ती हौदात बुडवून वर पाय दिलासुद्धा होता. गोधडी एकदा भिजली की तिला परत कोरडी करायचा मंत्र कुणाकडे नसतो.

"सुतक फिटलंय नाना. विटाळाच्या पांघरुणात झोपता का आता?"

"गोधडीला काय कळतो विटाळ?"

"गोधडीला नाही कळत, भावकीला कळतो."

नाना हसले. माझे सासरे हसले की आधी त्यांचे खांदे हलायचे, आवाज मागून यायचा. "बरोबर हाये. भावकीला गोधडीपेक्षा जास्त कळतं," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

आमची बोरगुड्यांची भावकी एवढी अवाढव्य, की वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी जायचं आणि आमच्या घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघायचं. त्या खेपेला कुणीतरी चुलत-चुलत आजोबा गेले होते, ज्यांचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं. पण दहावा झाला की सुतक फिटतं आणि त्याच दिवशी धुवायचं, ही रीत. नानांची गोधडी ही त्यातली सगळ्यात जड. माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. माझं लग्न व्हायच्या आधीच त्या गेल्या होत्या, त्यामुळे मला त्या भेटल्या त्या अशाच, ठिगळाठिगळातून. अंजिरी ठिगळ म्हणजे त्यांचं लग्नातलं लुगडं, असं नाना सांगायचे.

ती पिळायला मी शेजारच्या जाईबाईला हाक मारली. दोघींनी दोन टोकं धरून पिळली आणि कुंपणाच्या तारेवर टाकली. तार वाकली. वर आभाळ राखाडी, वारा पडलेला. संध्याकाळपर्यंत तिच्या खालच्या काठातून थेंब गळत होते.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी. थंडी आम्हाला नवी नाही. कडाका पडला की माणसं द्राक्षबागेला ऊब मिळावी म्हणून कडेनं शेकोट्या पेटवतात, पहाटे सगळ्या शिवारावर धूर पसरतो आणि मुलं खोकत शाळेत जातात. पण त्या वर्षी पेपरवाल्यांना आणि टीव्हीवाल्यांना थंडीचं वेडच लागलं होतं. पौष लागायच्या आधी चार दिवस खरोखरीची कडक थंडी पडून गेली, तेव्हा 'थंडीची लाट' आली. मग थंडी गेली, पण लाट काही जाईना. रोज सकाळी पेपरात लाट, संध्याकाळी टीव्हीवर लाट. कधी 'शीतलहरीचा कहर', कधी 'हाडे गोठवणारी थंडी'. मागं चित्र दाखवायचे ते बर्फात रुतलेल्या गाड्यांचं, कुठल्या तरी डोंगरातलं. माझा धाकटा विचारायचा, "नाना, हे निफाड हाये?" नाना म्हणायचे, "आपुन झोपल्यावर पडत असंल बाबा. यांना जरा कुणीतरी उन्हात बसवा."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी नानांच्या खाटेवर दोन चादरी, माझी शाल आणि आमच्या दोघांच्या अंगावरची सोलापुरी चादर असा ढीग नेऊन ठेवला.

"एवढं कशाला? गारठा कुठंय आज?"

"पहाटेचा वाढतो."

"तुम्ही काय घेताल मग?"

"आम्ही तरणे आहोत."

"व्हय, दिसतंय ना. कंबर धरून चालू राहिली सकाळपासून." ते मला असंच चिडवायचे. मग त्यांचा मोबाइल वाजला. आक्कांचा फोन होता, माझ्या मोठ्या नणंदेचा, येवल्याहून. दोन-चार दिवसांनी बापलेकीचं बोलणं व्हायचंच. एरवी नाना फोनवर गावभर ऐकू जाईल असं बोलायचे. त्या दिवशी मात्र उठून ओसरीच्या टोकाला गेले. मी भांडी घासत होते. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं: "बरं, बरं. नाही सांगत."

परत आले तेव्हा म्हणाले, "अलका, ओवा हाये का घरात?"

मी दिला. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि झोपायला गेले.

सकाळी उठले तेव्हा हे बागेत निघून गेले होते. मी नानांचा चहा घेऊन ओसरीवर आले. ते एका कुशीवर होते, हात छातीशी घेतलेला. चादरी पायाशी गोळा झालेल्या. शाल तर खाली जमिनीवर. मी कपाळाला हात लावला. गार. मेलेल्या माणसाचं अंग गारच असतं, एवढी साधी गोष्ट मला कळायला हवी होती. पण हाताला गार लागलं आणि माझे डोळे आपोआप गेले ते कुंपणाच्या तारेकडं. गोधडी तशीच ओली लोंबत होती.

दुपारी नदीवरून सगळे परत आल्यावर निरगुडे आला. निरगुडे म्हणजे तालुक्याच्या गावी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस. लग्नाचे फोटो काढायचा आणि त्याच कॅमेऱ्यानं पेपरची बातमीदारीही करायचा. वाईट माणूस नव्हता. नानांच्या पाया पडायचा, आमच्या लग्नाचे फोटोही त्याच्याच वडिलांनी काढलेले. ओसरीवर बसून खरोखरीच डोळे पुसत होता.

"वहिनी, रात्री काही म्हणले का नाना?"

"काही नाही."

"अंगावर काय होतं?"

मी रडत होते. रडणाऱ्या माणसाला जो कुणी प्रेमानं विचारतो त्याला माणूस सगळं सांगतो. मी म्हणाले, "चादरीच होत्या, भाऊ. गोधडी धुतली होती मी. नाना नको म्हणत होते. वाळलीच नाही."

तो उठून कुंपणाकडं गेला. मला वाटलं, चूळ भरायला गेला असेल.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्याच पानावर आमचं घर होतं. 'थंडीच्या लाटेचा जिल्ह्यात पहिला बळी.' खाली बारीक अक्षरात: 'धुतलेली गोधडी वाळली नाही, वृद्ध शेतकऱ्याने रात्र कुडकुडत काढली.' नानांचा फोटो अंगठ्याएवढा. गोधडीचा मात्र हातभर. त्याखाली लिहिलेलं: 'हीच ती गोधडी.' संध्याकाळी टीव्हीवरही आलं. नानांच्या फोटोमागं तोच डोंगरातला बर्फ पडत होता. धाकट्यानं विचारलं, "आई, नाना बर्फात गेले?" आणि ह्यांनी उठून टीव्हीची वायरच ओढून काढली.

आक्का अंत्यविधीला आल्या त्या दहाव्यापर्यंत राहायच्या होत्या. पेपर त्यांनी दारात उभ्या राहूनच वाचला. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, बोट ठेवून एकेक शब्द वाचायच्या. 'गोधडी' या शब्दावर बोट थांबलं. मग त्या चपला न घालता कुंपणाकडं गेल्या, गोधडी तारेवरून ओढून काढली, अजून दमट होती, आणि छातीशी धरून घरात आल्या. जमलेल्या बायकांसमोर म्हणाल्या, "माझ्या आईनं बापासाठी शिवली होती. हिनं ती त्याच्या अंगावरून काढून घेतली."

मी काढून घेतलीच होती.

"दहावा होऊ दे," आक्का म्हणाल्या. "मग मला ह्या घराचं पाणी नको. माहेर संपलं माझं."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भेटायला येणारा प्रत्येक माणूस पेपर वाचून आलेला. पाय धुवायच्या आधी सगळे एकदा तारेकडं बघून घ्यायचे. कुणी म्हणायचं, "म्हाताऱ्या माणसाला जपावं लागतं बाई." कुणी म्हणायचं, "होणार होतं ते झालं," आणि म्हणताना असं बघायचं, की होणारं मीच केलंय. लांबून आलेल्या एका मामेसासूबाईंनी तर सरळ विचारलं, "वाळली का गं मग ती?" जाईबाई, जिनं माझ्याबरोबर गोधडी पिळली होती, ती आमच्या वाटेनं यायचीच थांबली. जणू अर्धं पाप तिच्या अंगाला लागलं असतं.

ह्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण 'तुझी काही चूक नाही' असंही म्हणाले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. मी रात्री पांघरूण घ्यायचं सोडलं. नुसती सतरंजीवर पडायचे. नानांना जे झालं ते मला व्हावं, अशी वाट बघितल्यासारखी पडून असायचे. खरं सांगायचं तर मनानं मान्य केलं होतं, की मी एक माणूस मारलं आहे. विटाळ घालवायला गेले आणि माणूस घालवून बसले.

दहाव्याच्या दिवशी पुरुष मंडळी नदीवर गेली आणि मी परत धुवायला बसले. पुन्हा सुतक, पुन्हा तोच हौद. त्या दिवशी ऊन चकचकीत होतं. घरभर फिरून चादरी, उशांचे अभ्रे, मुलांचे कपडे गोळा केले. औषधाच्या खोलीत फवारणीच्या पंपामागं ह्यांचा एक सदरा कोंबून टाकलेला सापडला. नाना गेल्याच्या सकाळी निरोप मिळाल्यावर हे बागेतून धावत आले होते, तेव्हा अंगातून काढून फेकलेला. दहा दिवस तिथंच पडलेला.

झटकला आणि नाकात गंधकाचा भपकारा शिरला. पाठीवर घामाचे वाळलेले पांढरे डाग.

मी तो सदरा हातात धरून तशीच उभी राहिले. द्राक्षबागेच्या घरात सून म्हणून आल्याला मला वीस वर्षं होत आली होती. थंडी पडली की शेकोट्या. आभाळ आलं की वेलींवर भुरी रोगाची धास्ती, मग गंधक फवारायचं. हे आमच्याकडं पोराबाळांनासुद्धा कळतं. आभाळाची गोधडी असली की खाली जमीन गारठत नाही, असं नानाच म्हणायचे. आणि आभाळ होतं म्हणून तर ती वाळली नव्हती.

हे नदीवरून आले तेव्हा डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. मी त्यांना हौदापाशी गाठलं.

"त्या पहाटे तुम्ही बागेत काय करत होता?"

"कोणत्या?"

"नाना गेले त्या."

"फवारत होतो. का?"

"शेकोट्या नाही पेटवल्या?"

"आभाळात कोण शेकोट्या पेटवतं? काहीतरीच काय विचारू..." आणि ते थांबले. माझ्या हातातल्या सदऱ्याकडं बघितलं.

"अंगात स्वेटर होता?"

"नुसता सदरा होता," ते हळूच म्हणाले. "घाम फुटला होता मला पंप मारता मारता."

"मग थंडी कुठं होती, अहो?"

ते हौदाच्या काठावर बसले. भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "पेपरात आलं ना," म्हणाले. "पेपरात आलं म्हटल्यावर मला वाटलं, असंल. आपल्याला कळलं नसंल."

"स्वतःच्या अंगावरच्या घामापेक्षा पेपर खरा वाटला तुम्हाला?"

"तुला नाही वाटला?"

मलाही वाटलाच होता. मुलं त्या रात्री चादरी लाथाडून झोपली होती, मी स्वतः नुसत्या पातळावर पडले होते, हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. छापून आल्यावर ते सगळं पुसून गेलं.

"निरगुडे जेवायला येणार हाये," हे उठत म्हणाले. "आज बोलूच त्याच्याशी. आक्कालाही कळू दे."

माझ्या जिवात जीव आला. दहा दिवसांत पहिल्यांदा पोटात भूक लागल्याचं कळलं मला.

निरगुडे आला तो बगलेत काहीतरी घेऊन. वर्तमानपत्राचं ते पान त्यानं काचेत मढवून आणलं होतं, भोवती सोनेरी पट्टी. "पहिल्या पानावर आलेले आपल्या गावातले नाना पहिलेच," म्हणाला. "म्हटलं, आठवण राहील." त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. पंक्ती उठल्या होत्या. आम्ही तिघं ओसरीवर होतो. आक्का आतून वाढपाची परात घेऊन ये-जा करत होत्या.

"भाऊ, त्या रात्री किती होतं तापमान?" मी विचारलं.

"छापलंय की. चार."

"त्या रात्री? आभाळ होतं त्या रात्री."

तो जरा चुळबुळला. "म्हणजे, चार हे आधीच्या आठवड्यातलं. ह्या मोसमातलं सगळ्यात कमी. लाटेच्या बातमीत तोच आकडा टाकत होतो आम्ही."

"आणि त्या रात्रीचा?"

"चौदा-पंधरा असंल. बघावं लागंल."

"मग लाट कशी?" हे म्हणाले.

"भास्करराव, बातमीत थंडीला नुसतं थंडी म्हणत नाहीत हो. लाटच म्हणतात. एकदा सुरू झाली की मोसमभर चालवायची असते." मग आवाज उतरवून म्हणाला, "शेजारच्या जिल्ह्यात एक बळी गेला होता. मला ऑफिसातून रोज फोन: आपल्याकडं काय? आपल्याकडं काय? तेवढ्यात वहिनी गोधडीचं बोलल्या. मी 'थंडीमुळे मृत्यूची शक्यता' असं पाठवलं होतं, देवाशप्पथ. बाकीचं वर झालं."

"शक्यता कुठं गेली मग?"

"मथळ्यात मावली नसंल."

हे ताडकन उठले. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "भाऊ, माझं सगळं आयुष्य ह्या गावात जायचंय," मी म्हणाले. "ती बातमी चुकीची होती एवढं छापा. मोठं नको."

निरगुड्यानं त्या काचेतल्या पानाकडं बघितलं. मग मान हलवली. "छापतो. आतल्या पानावर चार ओळी येतील. थंडी नव्हती, घरच्यांची चूक नव्हती." त्यानं खिशातून पेन काढलं. "पण मग नाना कशानं गेले, ते लिहावं लागंल. थंडीनं नाही, तर कशानं?"

दारात परात पडली. बुंदी ओसरीभर उडाली.

आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या बुंदीकडं बघत नव्हत्या, माझ्याकडंही नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि मला आतल्या खोलीत ओढत नेलं. दार लोटलं. त्या खोलीत त्यांची पिशवी भरून तयार होती आणि पिशवीवर ती गोधडी घडी घालून ठेवलेली.

"खरंच थंडी नव्हती?" त्यांनी विचारलं.

मी म्हणणारच होते, की नव्हती, आक्का, जरासुद्धा नव्हती. दहा दिवस जिभेवर काटे साठले होते, ते सगळे बाहेर काढणार होते. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"मला नाना म्हणले होते फोनवर. दुपारपासून डावा हात भरून आलाय म्हणे. छातीत दाटतंय. मी म्हणले, गॅस झाला असंल, ओवा खा." त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि पदराच्या आतून बोलू लागल्या. "आणि वर मी म्हणले, अलकाला सांगू नका. दिवसभर सुतकाचं धुणं केलंय तिनं. तिला कळलं तर रात्रीचं गाडी काढून दवाखान्यात पळवंल. सकाळी सांगा म्हणले. मीच म्हणले गं. सकाळी सांगा."

मी दाराची कडी लावली.

"सकाळी फोन आला तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं होतं. मग तो पेपर आला. थंडीनं गेले, असं छापलेलं. अलका, खोटं नाही सांगत, मला हायसं वाटलं. म्हणलं, थंडीनं गेले तर मग मी नाही... आणि मग सगळं तुझ्यावर..." त्यांनी पदर काढला. एवढी मोठी बाई, भावकीत जिच्या शब्दापुढं पुरुष बोलायचे नाहीत, तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "थोडी तरी होती ना गं थंडी? पहाटेची? तू तर इथं होतीस. सांग ना मला."

ओसरीवर निरगुडे खाकरला. त्याला उत्तर हवं होतं.

मला राग आला नव्हता असं नाही. चांगला आला होता. दहा दिवस सतरंजीवर पडलेली मी, आणि हिला हायसं वाटत होतं! पण त्याच वेळी मला दुसरंही दिसत होतं. मी दहा दिवस जे खाल्लं होतं, ते ह्यापुढं ही खाणार होती. आणि हिचं तर खरं होतं. माझ्या पापाला आभाळाची साक्ष तरी होती. हिच्या बाजूनं कोण होतं? तो फोन आणि त्यातलं तिचंच बोलणं. आणि त्या बोलण्यात माझीच काळजी होती.

आणि अजून एक. 'नाही सांगत' हे मी ऐकलं होतं. ओवा मी स्वतःच्या हातानं दिला होता. 'काय नाही सांगत, नाना?' एवढे चार शब्द मी विचारले नाहीत. कंबर दुखत होती, भांडी उरली होती.

"होती, आक्का," मी म्हणाले.

"नक्की?"

"पहाटेचं वारं सुटलं होतं. मला जाग आली होती गारठ्यानं. गोधडी असती तर..." पुढचं मला म्हणवेना. म्हणायची गरजही नव्हती.

त्या खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांना रडताना मी बघितलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीवरची गोधडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "तूच ठेव," म्हणाल्या.

मी बाहेर आले. निरगुडे पेन धरून बसलेला. हे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"राहू द्या, भाऊ," मी म्हणाले. "छापलंय तेच बरोबर आहे."

"पण वहिनी, तुम्हीच तर म्हणाल्या..."

"पहाटे वारं होतं. मी विसरले होते."

निरगुड्यानं पेनाचं टोपण लावलं. त्याला बरंच वाटलं असावं. आतून आक्कांच्या रडण्याचा आवाज येत होता, तो ह्यांनी ऐकला. मग खाली वाकून ते एकेक बुंदी वेचू लागले, मुंग्या लागतील म्हणून. ती काचेतली तसबीर आम्ही भिंतीला लावली नाही, पण टाकवलीही नाही. अजून औषधाच्या खोलीत पंपामागं आहे.

गावात अजून कडाका पडला की म्हाताऱ्या बायका नव्या सुनांना सांगतात, पौषात गोधडी धुऊ नये, बोरगुड्यांच्या सुनेनं धुतली होती. मी समोरून आले की आवाज लहान करतात. मला त्याची सवय झाली आहे. आक्का मात्र माहेर सोडून गेल्या नाहीत. दर भाऊबीजेला येतात, माझ्या हातचं जेवतात, माझ्या मुलीच्या लग्नात तर त्याच पुढं होत्या. त्या दिवसाचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मीही नाही.

मागच्या पौषात आभाळ भरून आलेलं होतं. एवढा उबारा, की मी ओसरीची दारं उघडी टाकून भाजी निवडत बसले होते. हे बागेत फवारणीला गेलेले. फोन वाजला. आक्का आता थकल्या आहेत, आवाज कापतो.

"अलका, टीव्हीवर लाट सांगू राहिले गं. लई मोठी म्हणे. पोरांच्या अंगावर नीट पांघरूण घाल हो."

कुंपणाच्या तारेवर काही नव्हतं. पलीकडून गंधकाचा वास येत होता.

"घालते, आक्का," मी म्हणाले. "इथं लई गारठा पडलाय."